देवकाबाईंची सोपी बाळंतपणं

माझं पांढुर्ण्यात औषधाचं दुकान आहे. वर्षातून एक दिवस गोटमार असते, नदीच्या दोन काठांवरची माणसं एकमेकांना दगड मारतात, त्या दिवशी पट्ट्या आणि मलम खपतं. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस दुकान माझ्या सासरवाडीवर चालतं. लग्नात मी काही मागितलं नव्हतं, सासऱ्यांनी काही दिलंही नव्हतं. पण सासूबाईंच्या चार लेकरांपैकी तीन मला कायमची गिऱ्हाईकं म्हणून मिळाली, आणि त्यातलं एक गिऱ्हाईक तर माझ्याच घरात स्वयंपाक करतं.

सासूबाईंचं नाव देवकाबाई. गाव रामाकोना, तहसील सौंसर. वय आधार कार्डावर त्र्याहत्तर, त्यांच्या स्वतःच्या मते पंच्याहत्तर, आणि बांधावरून चालताना पाठमोरं पाहिलं तर पन्नास. दात बहुतेक शाबूत, कणा ताठ, गोळी म्हणून आयुष्यात एकदा घेतली ती दाढदुखीची, आणि तीही अर्धीच. उरलेली अर्धी अजून देव्हाऱ्यात ठेवली आहे म्हणतात.

आसपासच्या दहा गावांत त्यांचं नाव आहे ते बाळंतपणांसाठी. दुसऱ्यांच्या नव्हे, स्वतःच्या. पहिली तीन लेकरं त्यांनी अशी जन्माला घातली की शेजारच्या खोलीत भाकरी खात बसलेल्या माणसांना पत्ता लागला नाही. सकाळी कापूस वेचून आल्या, दुपारी बाळंत झाल्या, एवढं मी लग्नाच्या वर्षी ऐकलं. पाचेक वर्षांनी त्यात ‘संध्याकाळी भाकरी थापल्या’ हे जोडलं गेलं. हल्ली त्या संध्याकाळी पुन्हा कापूस वेचायला जातात.

या यशाची एक रीत होती आणि ती त्या कुणालाही फुकट शिकवत. सातवा महिना लागला की दर आठवड्याला चतकोर भाकर कमी. दूध बंद, कारण बाळ आत चिकटतं. तूप बंद, कारण डोकं मोठं होतं. केळं बंद, जुळं होतं. आणि संत्रं बंद, कारण बाळाला पोटातच सर्दी होते. ज्या घरच्या बागेत संत्र्याची पाचशे झाडं आहेत, हंगामात व्यापाऱ्याच्या गाड्या भरभरून माल जातो, त्या घरच्या गर्भार बाईनं संत्र्याचा वास घ्यायचा आणि समाधान मानायचं. सासूबाई म्हणत, “लेकरू बाहीर वाढवाव. पोटात कायले वाढवता? निंघाले तरास कोनाले होते?”

बायकांना हे पटायचं. त्रासाची भीती कोणाला नसते! लांबलांबच्या सासवा आपल्या सुनांना देवकाबाईंच्या पाया पडायला आणत. त्या सुना पाया पडून उठेपर्यंत त्यांचं ताट निम्मं झालेलं असे.

आता त्या तीन सोप्या बाळंतपणांचं पुढं काय झालं ते सांगतो. थोरले दिलीपभाऊ आज चोपन्न वर्षांचे आहेत. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या हृदयात नळी बसवली. दुसरे गुणवंताभाऊ बावन्नचे. छत्तिसाव्या वर्षी साखर निघाली, आता पोटात रोज सुई टोचतात, आणि हल्ली मूत्रपिंडही कुरकुर करायला लागलंय. तिसरी माझी अलका. तिला पहिल्या खेपेला गर्भारपणात साखर निघाली. बाळ झाल्यावर जाईल असं डॉक्टर म्हणाले होते. बाळ आता कॉलेजात आहे, साखर अजून घरीच आहे. तिघांचीही अंगं एका साच्यातली, हातपाय काडीसारखे आणि पोट सरपंचासारखं. लग्नात लोक म्हणायचे, किती शेलाटी माणसं! मीही म्हणालो होतो.

चौथा प्रफुल्ल. हा जन्मला तेव्हा सासूबाई दोन दिवस ओरडत होत्या आणि गाव जागं होतं. पहिली तिन्ही लेकरं कापूस मोजायच्या काट्यावर ठेवली तर काटा हललासुद्धा नव्हता म्हणे. प्रफुल्लला ठेवलं आणि काटा असा खाली गेला की सुईणीनं कपाळाला हात लावला. “त्या साली माही जीभ सुटली होती,” असं सासूबाई आजही शरमेनं सांगतात. “काहीबाही खाल्लं मी. त्याचं फळ भोगलं.” ते फळ बेचाळीस वर्षांचं झालंय. संत्र्याची बाग एकहाती सांभाळतं, एका बैठकीत सात पोळ्या खातं, आणि माझ्या दुकानात फक्त मोबाईल चार्ज करायला येतं. घराण्याचा कलंक म्हणून त्याच्याकडं बोट दाखवलं जातं.

थोरल्या तिघांच्या आजारपणाचं कारण सासूबाईंना विचारलं तर त्यांच्याकडं तयार उत्तर होतं. “युरियाचं खानं हाय हे. आमच्या वक्ती असं नव्हतं.” गंमत अशी की गेली पन्नास वर्षं त्या स्वतःही तोच युरिया खात आहेत. पण त्या वाढल्या तिगावला, पाच भावांमागून झालेली एकुलती एक लेक म्हणून. गोठ्यात आठ म्हशी. “माही माय पोटुशी असताना रोज तांब्याभर दूध प्याची,” असं त्या अभिमानानं सांगत आणि त्याच दमात समोरच्या पोरीचं दूध बंद करत. या दोन वाक्यांची एकमेकांशी गाठ घालावी असं कुणाला सुचलं नाही. मला तरी कुठं सुचलं? वीस वर्षं त्याच घराला औषधं विकतोय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सुचलं ते जेवणाच्या लोभानं. पांढुर्ण्यात आम्हा औषधवाल्यांसाठी एका सभागृहात व्याख्यान होतं आणि नंतर भोजन. मी भोजनाला गेलो, पण बोलणारी डॉक्टरीण तरुण आणि चिवट होती, तिनं आधी दीड तास बसवून ठेवलं. ती म्हणाली, पोटातल्या बाळाला बाहेरचं जग दिसत नाही. आईकडून जे येतं त्यावरून ते अंदाज बांधतं. येणारं कमी असेल तर ते समजतं की बाहेर दुष्काळ आहे. मग ते आधी मेंदू वाचवतं आणि बाकी ठिकाणी काटकसर करतं. मूत्रपिंडातल्या गाळण्या कमी, साखर सांभाळणाऱ्या पेशी कमी, स्नायू कमी, आणि मिळेल तो कण चरबी करून ठेवायची सवय. असं तयार होऊन बाहेर यावं तर इथं जिलेबी, मोटारसायकल आणि खुर्ची. तरुणपण निभावून जातं, मग अंग वयाच्या आधी म्हातारं होऊ लागतं. प्रत्येकाचं असं होतंच असं नाही, हे तिनं दोनदा बजावलं. खाण्यापिण्यानं, हिंडण्याफिरण्यानं पुढं बराच फरक पडतो, पण पाया तिथं पडतो, ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांसमोर कापसाचा काटा उभा राहिला. चार भावंडांवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण मी शास्त्रज्ञ नाही, दुकानदार आहे. मला गिऱ्हाईक दिसतं.

घरी येऊन मी अलकाला हे सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “माह्या मायचं नाव घेऊ नोका. अन् जेवनात गोड काय होतं?”

या ज्ञानाचं मी काय करणार होतो? तीन माणसांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यांची गोळ्यांची डबी भरणं एवढंच माझ्या हातात होतं. पण त्याच वर्षी प्रणालीला दिवस गेले.

प्रणाली म्हणजे दिलीपभाऊंच्या पंकजची बायको, सासूबाईंची नातसून. माहेर सौंसरचं, आईवडील दोघंही शिक्षक, स्वतः बी.एड. झालेली. पहिलं बाळंतपण माहेरी असायचं, निदान तिथं तरी पोरगी पोटभर जेवली असती. पण प्रणालीच्या आईचं स्वतःचं पोट फाडून बाळंतपण झालं होतं आणि तिनं त्याची धास्ती घेतली होती. तिनंच हात जोडून सांगितलं, “देवकाबाईंच्या हाताखाली राहू द्या हिला. आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.” दोन पदव्यांच्या बाईनं असं म्हटल्यावर सासूबाईंची मान आणखी ताठ झाली. प्रणालीची खरी सासू, म्हणजे दिलीपभाऊंची बायको, त्या घरात राहते एवढंच. कोठीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. झोपाळा फुलांनी सजवला, प्रणालीच्या अंगावर फुलांचे दागिने, सौंसरहून फोटोवाला आणला होता. तिच्यासमोर चांदीचं ताट आलं. त्यात पुरणपोळी, करंजी, अनारसे, रव्याचा लाडू आणि वाटीभर बासुंदी. पोरीची नजर त्या ताटावरून हलेना. फोटोवाला म्हणाला, “मॅडम, घास जरा तोंडाजवळ न्या. अजून थोडा. बस, तिथंच थांबा.” ती तिथंच थांबली. फोटो निघाला. आणि सासूबाईंनी पुढं होऊन तिच्या हातातला घास आणि मांडीवरचं ताट, दोन्ही उचललं.

“झालं. घे व अलका, हे मानसाइच्या पंगतीत दे.”

ते ताट पंगतीत येऊन नेमकं गुणवंताभाऊंच्या पुढ्यात बसलं. ज्या माणसानं खाऊ नये त्याच्या पानात पाच पक्वान्नं, आणि जिनं खावं ती झोपाळ्यावर गजरे हुंगत बसलेली. मी म्हणालो, “भाऊ, साखर तीनशेच्या वर आहे तुमची.” ते म्हणाले, “आईनं पाठवलं, कसं नाई म्हनू?” आणि सुईचे दोन आकडे वाढवून त्यांनी अनारसाही संपवला. मातृभक्ती आमच्या सासरी फार आहे.

मला राहवलं नाही. पंगत उठल्यावर मी सासूबाईंना म्हणालो, “आई, पोरीला खाऊ द्या ना. शास्त्र वेगळं सांगतं.”

“शास्त्र कायले? बागेत जाऊन पाहा ना जवाईबापू. झाडाचं पानी तोडतो, ताण देतो, तवाच बहार येते का नाई? पानी देतच राह्यलं तं नुसते पानं येतेत.”

संत्रावाल्या मुलखात या उत्तरापुढं कोणीही गप्प बसतं. पण हात धुवायला आलेला प्रफुल्ल बोलला. “आई, ताण मोठ्या झाडाले देतेत. कलमाले पहिल्या साली ताण दिला तं ते जन्मभर खुंटते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येईन?”

“तू चूप बस. तूनं माहा जीव घेतला होता.”

तो चूप बसला. बेचाळीस वर्षं तो या एका वाक्यावर चूप बसत आला आहे.

पुढच्या आठवड्यात प्रणालीला सोनोग्राफीसाठी पांढुर्ण्याला आणलं. मीच सोबत गेलो. डॉक्टरबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं, “बाळ दिवसांच्या मानानं फार बारीक आहे, आणि आईचं वजन महिनाभरात वाढलेलंच नाही. पोटभर खायला घाला, दूध द्या, फळं द्या. तीन आठवड्यांनी पुन्हा बघू. वाढ नाही दिसली तर नागपूरला भरती करावं लागेल, आणि बाळाला वेळेआधी काढावं लागेल.”

पंकजचा चेहरा उतरला. त्यानं तिथूनच रामाकोन्याला फोन लावला. तिकडून सासूबाईंचा आवाज असा आला की फोन कानापासून दूर धरावा लागला. “बारीक हाय म्हनते? खरंच बारीक हाय म्हनते? माय व! सांग त्या डॉक्टरनीले, देवकाबाईच्या घरचं हाय म्हना!” आम्ही पोचेपर्यंत त्यांनी गल्लीत गूळ वाटला होता.

मी दुकानातून ताकदीच्या पिठाचा मोठा डबा पाठवला, वर लिहिलं, दुधातून दोन वेळा. आठवड्यानं चौकशी केली तर डबा संपला होता. मला बरं वाटलं. मग प्रफुल्लनं सांगितलं की तो डबा गाभण म्हशीच्या आंबोणात गेला आणि म्हैस आता चमकते आहे. सासूबाईंचं म्हणणं, कंपनीचं पीठ माणसांना बाधतं, जनावराला पचतं.

तुम्ही म्हणाल, प्रणाली का नाही बोलली? शिकलेली पोरगी, हातात मोबाईल. मीही तिला तसं विचारलं. ती म्हणाली, “काकाजी, भीती वाटते. पंकजनं एकडाव समोसा आनला, खाल्ला मी, अन् रातभर वाटलं का बाळाचं डोकं वाढून राहिलं. आईले फोन केला तं आई म्हनते, आजी सांगतेत तसं कर.” शिवाय सासूबाई तिच्यावर खरोखर जीव टाकत. संध्याकाळी तिच्या पायांना तेल चोळत, तिला वाकू देत नसत, पाण्याची कळशी उचलू देत नसत. सगळी माया होती. फक्त भाकर नव्हती.

त्या रविवारी मी आणि अलका रामाकोन्याला गेलो. दुपारचे बारा वाजले असतील. सासूबाई गोठ्यात होत्या. प्रफुल्लनं गाभण म्हशीसाठी शेंगदाण्याची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, आणली होती. सासूबाई ती हातानं फोडून टोपल्यात टाकत होत्या, आणि भाजलेल्या दाण्यासारखा खमंग वास गोठाभर पसरला होता. प्रणाली बाजेवर बसली होती. गाल आत गेलेले, डोळे मोठे झालेले.

“काय जेवलीस?” अलकानं विचारलं.

“अर्धी भाकर. वरनाचं पानी.”

सासूबाई म्हशीच्या पाठीवर हात फिरवत होत्या. “खाय माय, खाय. दोन जिवाची हायेस तू. पोटभर खाय.”

प्रणाली उठली. मला वाटलं, आत निघाली. ती टोपल्यापाशी आली, वाकली, ढेपेचा एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. आमच्याकडं न बघता ती तो कडाकडा चावू लागली.

“आजी, दोन जिवाची तं मी बी हाय,” ती म्हणाली, आणि चावता चावता रडायला लागली.

सासूबाई विजेसारख्या धावल्या. “थुक! थुक म्हनते ना!” लहान पोरानं तोंडात घातलेला खडा काढावा तसं त्यांनी तिच्या तोंडात बोट घालून तो तुकडा बाहेर काढला. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण त्या ढेपेच्या पोत्यावर मटकन बसल्या, आणि हातातल्या त्या ओल्या तुकड्याकडं बघत राहिल्या.

“आई, काय झालं?” अलका घाबरली.

“म्या बी खाल्ली होती,” त्या म्हणाल्या. “ढेप.”

मग त्यांनी सांगितलं. कुणाकडंही न बघता, सावकाश. “गुनवंता पोटात होता. दुष्काळाचं साल. घरात पंधरा मान्सं. आधी मानसं जेवत, मंग पोट्टे, मंग सासू, मंग मोठ्या जावा. माह्या पावतर टोपली येये तवा टोपलीत निस्तं फडकं राहे. दिलीपच्या वक्ती बी तसंच, अलकाच्या वक्ती बी तसंच. म्हशीची ढेप मातर रोज येये, काऊन का दूध इकाचं होतं. एक दिवस राहवलं नाई. उचलली अन् तोंडात टाकली. सासूनं पाह्यलं.”

“मारलं?”

“मारलं नाई. मारलं असतं तं बरं झालं असतं. म्हने, भूक लागते म्हनून कोनाले सांगू नोको, घराची इज्जत जाते. कोनी इचारलं तं सांगजो, आमच्यात सातव्या महिन्यापासून कमी खाची चाल हाय.”

म्हैस टोपल्यातलं खातच होती.

“आठ दिवसानं बाबा आले तिगावून. डबाभर लाडू घेऊन. माहं आंग पाहून त्याइच्या डोयात पानी आलं. म्हने, काऊन व बाई, अशी काऊन झालीस? सासू दारातच उभी होती. म्या म्हनलं, बाबा, आमच्यात चाल हाय. बाबानं डबा वापस नेला.” त्यांनी तो ओला तुकडा टोपल्यात टाकला. “मी लाडवाकडं पाह्यलं बी नाई. पाह्यलं असतं तं मांगतले असते.”

अलकानं तोंडाला पदर लावला.

“मंग जो इचारे त्याले तेच सांगतलं. बाळंतपन झालं, लेकरू निस्तं मुठीएवढं, कोनाले आवाज नाई आला. बाया म्हनल्या, देवका, कशी व सुटलीस सोपी! मले बी बरं वाटलं. काही तं माहं चांगलं झालं. सांगता सांगता मलेच खरं वाटाले लागलं.”

“अन् माह्या वक्ती?” प्रफुल्ल गोठ्याच्या दारात कधी येऊन उभा राहिला होता, कळलं नाही.

सासूबाईंनी मान वर केली. “तुह्या वक्ती सासू नव्हती. वाटन्या झाल्या होत्या. चूल माही होती. मी खाल्लं रे. पोटभर खाल्लं.”

मग त्या उठल्या, कमरेची किल्ली काढली आणि कोठीत गेल्या. त्या दुपारी रामाकोन्याच्या त्या घरात पहिल्यांदा बाईचं ताट आधी वाढलं गेलं. आम्ही पुरुष मंडळी दीड तास ताटकळलो. दिलीपभाऊ म्हणाले, “आई, माही गोळी जेवनानंतरची हाय, वेळ होऊन राहिली.” आतून उत्तर आलं, “मंग जेवन झाल्यावर घेजो.” प्रणाली जेवत होती, सासूबाई समोर बसून वाढत होत्या, आणि ती पुरे म्हणाली की तिच्या हातावर आणखी अर्धी भाकर ठेवत होत्या. एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला जातो तो असा. शेवटी पोरीला उलटी होईल म्हणून अलकानं मध्ये पडून थांबवलं.

दोन आठवडे रोज सकाळी मला फोन. दूध किती, अंडं चालते का, खजूर भिजवाचा का कोरडा? अंड्याचं नाव त्या घरात निघणं हेच मोठं. गुणवंताभाऊंच्या पानातली मिठाई बंद झाली आणि ते आईवर रुसले.

डॉक्टरबाईंनी सांगितलेले तीन आठवडे भरले, पुन्हा पांढुर्णा. या खेपेला सासूबाई सोबत आल्या. दवाखान्याची पायरी त्या जन्मात पहिल्यांदा चढल्या असाव्यात. प्रणाली आणि पंकज आत गेले, आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो. त्या पिशवी घट्ट धरून दाराकडं बघत होत्या. त्यांच्या ओठांची हालचाल चालली होती, जप असावा.

पंकज हसत बाहेर आला. “वाढलं, आजी! डॉक्टर म्हनल्या, बाळ अजून जरासं बारीक हाय, पन वाढून राहिलं. नागपूरले जाची जरूरत नाई. अशीच देखभाल करा म्हनल्या.”

त्यांनी दाराकडं हात जोडले. पंकज पुन्हा आत गेला. मला वाटलं, आता त्या गल्लीत वाटायला गूळ मागतील. पण त्यांनी पिशवी बाजूला ठेवली.

“जवाईबापू,” मग त्या म्हणाल्या, “तुमी दवाईवाले हा. खरं सांगा. दिलीपचं काळीज, गुनवंताची सुई, अलकाची साखर. हे माह्यानं झालं का?”

दुकानात माझ्याकडं प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं. युरियाचं नाव घ्यावं, असंही एकदा मनात आलं. पण तिघांचीही दुखणी एवढी मोठी असताना त्यांच्या आईला युरिया विकणं माझ्याच्यानं झालं नाही. मी म्हणालो, “सगळंच त्या भुकेनं झालं असं कोनी सांगू शकत नाई, आई. पन तुमच्यानं तं नाईच. तुमाले कोनी खावालेच दिलं नाई.”

त्यांनी ते ऐकलं. पदरानं डोळे नाही पुसले, नुसत्या दाराकडं बघत राहिल्या. आतून प्रणालीचं हसणं ऐकू आलं.

“ते तिघं झाले तवा मले देनारं कोनी नव्हतं,” त्या म्हणाल्या. “इच्या वक्ती तं घर भरून होतं, जवाईबापू. अन् देनारी मीच होती.”